बरोबर एक तास

गल्लीत त्यांना सगळे घड्याळजीच म्हणत, आणि त्या म्हणण्यात टिंगल थोडी, धाक जास्त. माणूस सरळ, पण वेळेच्या बाबतीत नाकावर माशी बसू देणार नाही. सकाळी रेडिओवर तासाचे ठोके पडले की दुकानातलं एकूण एक घड्याळ त्या ठोक्यांशी जुळवायचं, मगच चहा घ्यायचा, असा चाळीस वर्षांचा नेम. लग्नाला नुकतं वर्ष झालं असताना बायकोने एकदा हौसेने भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाला चावी दिली, तर हे गृहस्थ दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते काय, तर "घड्याळातलं तुला काय कळतं?" त्या दिवसापासून तिने घरातल्या कुठल्याही घड्याळाला हात लावला नाही.

अशा या जोडप्याला लेकीने जहाजाच्या सहलीला धाडलं. आठ दिवस, तीन बंदरं. दोघांनी आयुष्यात साध्या होडीतसुद्धा पाय ठेवला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी वादाला तोंड फुटलं, तेही एका कागदावरून. जहाज बंदराला लागलं की किनाऱ्यावर काय काय बघता येईल, त्या सहलींची ती यादी. हवी त्या सहलीपुढे टिक करायची आणि संध्याकाळी पाचच्या आत काउंटरवर नेऊन द्यायची. घड्याळजी चार नंबरच्या सहलीवर बघताक्षणी खूश झाले.

"हे बघ! साडेनऊला बस. दहा दहाला किल्ला, वीस मिनिटं. पावणेअकराला बाग, पंधरा मिनिटं. याला म्हणतात आखणी!"

"आणि ते लेसवाल्यांचं गाव?"

"आहे की. सगळ्यात शेवटी. वीस मिनिटं."

बायकोची तीस वर्षं शिलाई मशीनवर गेली होती. मैलोन् मैल लेस तिने दुसऱ्यांच्या फ्रॉकांना लावली असेल, पण हाताने विणताना एकदाही पाहिली नव्हती. टेकडीवरच्या त्या गावात बायका दारात बसून लेस विणतात, असं चित्र यादीत होतं, आणि ते पाहिल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"वीस मिनिटांत काय बघणार हो? बसमधून उतरण्यातच दहा जातील. मला तिथे बसायचंय. त्यांच्या शेजारी, निवांत. बसने नकोच, आपली आपण गाडी करू."

घड्याळजींनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने पोहत जाऊ म्हटलंय. पण ती या खेपेला हटली नाही. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या शेजारी एक दंतवैद्य बाई बसत. त्यांची ही सातवी जहाजवारी. त्यांनी बंदरावरच्या एका गाडीवाल्या बाईचा नंबर दिला आणि फोनवरून निरोपही पाठवून दिला. गाडी ठरली. घड्याळजींनी त्याचा राग काढला तो दंतवैद्य बाईंच्या मनगटावर. "तुमचं घड्याळ उत्तम आहे, पण दोन मिनिटं पुढे चाललंय," असं म्हणून जेवता जेवता ते उतरवून घेतलं आणि आपल्या घड्याळाशी सेकंदासकट लावून दिलं.

काउंटरवरची मुलगी मात्र काळजीत पडली. "आमच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, काका. स्वतः गेलात तर नाही थांबत. साडेचारच्या आत परत या. पावणेपाचला जहाजावर चढायचा जिना काढतात. आणि हा कागद जवळ ठेवा. या बेटावरची घड्याळं आपल्याहून एक तास मागे आहेत. तुमचं घड्याळ बदलू नका, जहाजाचीच वेळ ठेवा."

"मला घड्याळाचं शिकवते!" घड्याळजी वळता वळता पुटपुटले. बायकोने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

"हे बघ," केबिनमध्ये आल्यावर ते म्हणाले, "पासपोर्ट इथे तिजोरीत. माझ्या छातीच्या गोळ्या या खणात. पुढचं बंदर दोन दिवसांवर. जहाज चुकलं तर काय होईल, त्याचा विचार तू केला आहेस ना?"

"केलाय. सहल मी ठरवली, जबाबदारी माझी."

"आणि चुकलं, तर पुन्हा काही ठरवायचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार," ती म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने काही ठरवलं होतं, आणि ते असं पणाला लागलं.

दुसऱ्या दिवशी जहाज वेळेवर लागलं. गाडीवाली बाई फाटकापाशी उभीच होती. "परत कधी यायचंय, काका?" तिने विचारलं.

"साडेचारला जहाजावर हजर. वेळेची चिंता तुम्ही करायची नाही. तेवढं एक खातं माझ्याकडे."

"बरं झालं," ती हसून म्हणाली आणि तिने गाडी घाटाला लावली.

आणि इथेच सगळा घोळ झाला. गाडीतल्या रेडिओवर तासाचे ठोके पडले, आणि निवेदिकेने सांगितलं, नऊ वाजले. घड्याळजींच्या घड्याळात दहा. दुसरा कुणी असता तर क्षणभर थबकला असता, काउंटरवरच्या मुलीचं बोलणं त्याला आठवलं असतं. पण ठोके ऐकले की यांचं डोकं मागे राहतं आणि हात पुढे जातो! चाळीस वर्षांची सवय ती. चावी बाहेर ओढली, काटे एक तास मागे फिरवले, चावी आत दाबली. 'आता बरोबर,' असं समाधान वाटून ते खिडकीबाहेर बघू लागले. डोक्यातले साडेचार मात्र होते तिथेच राहिले. ते जहाजाचे होते, याची आठवणसुद्धा झाली नाही.

गाव खरंच चित्रातल्यासारखं होतं. गाडी खालच्या वळणापर्यंतच जाई, तिथून वर शंभरावर पायऱ्या. बायको गुडघा धरत धरत चढली आणि पहिल्याच दारातल्या म्हातारीशेजारी जाऊन बसली. म्हातारीच्या मांडीवर उशी, उशीवर टाचण्या, आणि दोऱ्याच्या पंचवीस-तीस रिळांची नुसती खटखट. घटकाभरात बायकोच्या हातात चार रिळं आली. चुकली की म्हातारी बोटावर चापट मारायची आणि दोघी हसायच्या. घड्याळजींनी तिला असं हसताना किती वर्षांत पाहिलं नव्हतं, हे त्यांना धड आठवेना. त्याचंही त्यांना थोडं वाईटच वाटलं. मग "अगं, जेवून घे", "उन्हात बसू नकोस" असं काहीबाही करत त्यांनी दिवस काढला. गाडीवालीला त्यांनी सांगून टाकलं होतं, साडेतीनला वळणावर या. ती खालीच राहणाऱ्या बहिणीकडे जेवायला गेली.

घड्याळात तीन झाले. घड्याळजी चौकात उभे होते. चार नंबरच्या सहलीची माणसं घाईघाईने पायऱ्यांकडे चालली होती, आणि सगळ्यांच्या मागे दंतवैद्य बाई.

"अहो, तुम्ही अजून इथेच? चार वाजले की!"

"तीन," घड्याळजी हसून म्हणाले. "तुमचं पुन्हा पुढे गेलेलं दिसतंय."

"कसं जाईल? कालच तर तुम्ही लावून दिलंत." बाईंनी मनगट त्यांच्यापुढे धरलं आणि त्या पायऱ्या उतरू लागल्या.

घड्याळजींनी तेवढ्यात पाहिलं. सेकंदकाटा यांच्या काट्याबरोबर पळत होता. मिनिटकाटा तंतोतंत. चूक होती ती फक्त तासाची, बरोबर एका तासाची. घड्याळ बिघडलं तर ते मिनिटांनी बिघडतं, हे या माणसाला सांगायला नको होतं. बरोबर एक तास फक्त माणसाच्या हाताने बिघडतो. रेडिओचे ठोके आठवले, काउंटरवरची मुलगी आठवली, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

बसला हाक मारायची! पण हाक मारायची म्हणजे कारण सांगायचं, आणि तेही बायकोदेखत. ते तिथेच घुटमळत राहिले, आणि तोवर खाली बसचा दरवाजा लागल्याचा आवाज आला.

"चल, ऊठ!"

"आत्ता? तुम्ही तर साडेतीन म्हणाला होतात." तिच्या बोटांत अजून दोरा होता.

"रस्त्याचा काय भरवसा? ऊठ म्हणतो ना!"

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मनगटाकडे, आणि दोरा सोडून उठली. पायऱ्या उतरताना तिचा गुडघा दर पावलाला कळ मारत होता. ते पुढे धावले. वळणावर गाडी होती, गाडीवाली नव्हती. तीन दारं ठोठावल्यावर चौथ्या दारात ती सापडली, ताटावर बसलेली.

"जहाजाचे चार कधीच वाजून गेले," घड्याळजी धापा टाकत, हळू आवाजात म्हणाले.

तिने त्यांच्या घड्याळाकडे बघितलं. "वेळेचं खातं तुमच्याकडे होतं ना, काका?" एवढंच म्हणून तिने उष्ट्या हातावर पाणी घेतलं आणि किल्ली उचलली.

घाटात समोर भाजीचा ट्रक आला, गाडी अर्धा कोस मुंगीच्या पावलाने गेली. घड्याळजींचा हात छातीवर होता. एका वळणावरून खाली बंदर दिसलं, पांढरं जहाज दिसलं, आणि चार नंबरची बस धक्क्यावर रिकामी उभी असलेलीही दिसली. आता ते जहाज कुणासाठी थांबणार नव्हतं.

"माझंच चुकलं हो," मागच्या सीटवरून बायको म्हणाली.

'नाही गं, माझं चुकलं.' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडायचं आणि म्हणून टाकायचं, काय जात होतं? पण घड्याळजी खिडकीबाहेर बघत राहिले. लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही गप्प बसता येतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

फाटकावर पहारेकऱ्याने जहाजाची कार्डं उलटीपालटी करून पाहिली. मग धक्का. काही केल्या संपेना. जिन्याच्या दोन्ही बाजूंचे दोर सोडायला माणसं वाकली होती. एक अधिकारी हातात यादी घेऊन उभा होता आणि यादीत दोनच नावं उरली होती. घड्याळजींनी हात वर करून "थांबा! थांबा हो!" असा ओरडा केला. बायकोचा हात त्यांनी खांद्यावर घेतला आणि अक्षरशः ओढत तिला जिना चढवला. त्यांच्या पाठोपाठ जिना उचलला गेला.

वर कठड्याशी माणसांची गर्दी होती. टाळ्या वाजल्या, फोन पुढे आले. "काय काकू, खरेदी फार झाली वाटतं!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. बायकोही कसंनुसं हसली. घड्याळजी इथेही काही बोलले नाहीत.

केबिनमध्ये शिरताच त्यांनी गोळी घेतली. भिंतीवरच्या पडद्यावर पाचला दोन मिनिटं कमी होती. जमीन हळूच थरथरली, जहाज निघालं. बायको पलंगावर बसून गुडघ्याला मलम चोळत होती. चोळून झालं, हात पुसले, आणि तिने पर्समधून सहलींची यादी काढून पेनासकट त्यांच्यापुढे ठेवली.

"उरलेल्या दोन बंदरांचं तुम्हीच करा टिक. बसनेच जाऊ. मी नाही ठरवणार आता."

घड्याळजींनी पेन उचललं. दोन चौकोन, दोन टिका, की झालं. कुणाला काही कळणार नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मनगट तिच्यापुढे केलं.

"बघ किती वाजलेत."

"चार."

"आणि भिंतीवर?"

तिने भिंतीकडे पाहिलंच नाही.

"सकाळी गाडीत मी काटे मागे केले," ते म्हणाले. "तुझं काही चुकलं नव्हतं. तू ठरवलेलं सगळं बरोबर होतं. चुकलो मी. आणि गाडीत, वर, सगळ्यांसमोर तुला बोल लागत होते, तेव्हा गप्प बसलो."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुम्ही काटे फिरवलेत ते मी बघत होते. तो कागद माझ्या पर्समध्येच होता. घड्याळ बदलू नका, असं त्यावर ठळक लिहिलेलं. अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. माझं चुकलं म्हटलं ते त्याचंच. बोलायला हवं होतं, नाही बोलले."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता, रागही नव्हता.

"घड्याळातलं मला काय कळतं?"

घड्याळजींनी पट्टा सोडला आणि घड्याळ तिच्या तळहातावर ठेवलं.

"एक तास पुढे घे."

"मी?"

"तूच."

तिने चावी ओढली. पहिल्यांदा ओढलीच गेली नाही, दुसऱ्यांदा फार जोरात. काटे तिने उलटेच फिरवायला घेतले. 'अगं, उलट!' हे शब्द त्यांच्या घशाशी आले आणि त्यांनी ते गिळले, हात मांड्यांखाली दाबून धरले. ती थांबली, स्वतःशी पुटपुटली, काटे पुढे घेऊ लागली. पाचावर आणले, पडद्याकडे बघून मिनिट जुळवलं आणि चावी आत दाबली. मग यादी जवळ ओढून पुढच्या बंदराच्या बससमोर तिने ठसठशीत फुली मारली. घड्याळ त्यांना परत न देता स्वतःच्या मनगटावर चढवलं. शेवटच्या भोकातही ते सैल पडत होतं.

"पट्ट्याला अजून एक भोक पाडून द्या," ती म्हणाली.