उजवीकडची खुर्ची

१९८९ सालचा एप्रिल. ॲरिझोनातलं ग्लोब गाव मागे पडलं होतं. समोरून येणाऱ्या तिसऱ्या मोटरहोमवाल्यानेही हात केला आणि गाडी चालवणाऱ्या ऑर्विलने उलट हात केला नाही, तेव्हा डेल्माने खिडकीबाहेरची नजर त्याच्याकडे वळवली. फिरत्या घरांतली माणसं एकमेकांना हात करतातच. न करणारा एक तर नवखा, नाही तर घुमा. ऑर्विल दोन्ही नव्हता.

"ओळखीचे होते का रे?" तिने सहज विचारलं.

"कोण?"

म्हणजे त्याला दिसलंच नव्हतं.

नेब्रास्कात डेल्माने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या नवऱ्याने, ऑर्विलने, ही गाडी घेतली आणि बजावलं, "जन्मभर रस्ताच बघितलास. आता तू खिडकीतून बघायचं, चालवायचं मी. शब्द आहे माझा." तेव्हापासून सात हिवाळे दोघं वाळवंटात काढत आणि वसंतात उत्तरेला परतत. ती बघायची आणि दिसेल ते त्याला सांगायची. काटेरी फांद्यांच्या टोकांना फुटलेले लाल तुरे, पिवळ्याधमक फुलांनी लगडलेली झाडं, उंच निवडुंगाच्या भोकातून डोकावणारं घुबड. काय दिवस होते ते!

पुढे सॉल्ट नदीची दरी होती. सगळी अवघड वळणं. धुळीचा वारा सुटला होता, उत्तरेला आभाळ काळंनिळं झालं होतं, आणि घाटमाथ्यावर बर्फ पडतोय असं रेडिओ सांगत होता.

"ऑर्विल, गाडी बाजूला घे."

"आत्ताच तर थांबलो होतो बाई!"

"घे म्हणते ना."

गाडी थांबली.

"त्या पाटीवर काय लिहिलंय?"

तो बराच वेळ पाटीकडे बघत राहिला. "शाळेच्या पोरांनाही असंच छळायचीस?"

"वाच."

"नाताळापासून मधोमध धुरकट दिसतंय," तो शेवटी म्हणाला. "सांगितलं असतं, तर हे फिरणंच संपलं असतं. आणि तुला शब्द दिला होता."

"अरे म्हाताऱ्या, तुझ्या शब्दापायी मी दरीत जाऊ?"

तो हसला. मग उठून उजवीकडच्या, तिच्या खुर्चीत बसला. डेल्माने चालकाची खुर्ची पुढे ओढली, आरसे फिरवून घेतले.

दरीत उतरताना गारा आल्या, पलीकडच्या चढाला बर्फ. तिची नजर रस्त्यावरून हलेना. शेजारून ऑर्विल बोलू लागला, "आता डावीकडे तांबडे कडे असतील. केक कापून ठेवल्यासारखे. तूच म्हणायचीस."

"आज पांढरे झालेत," ती म्हणाली.

आणखी चार वसंत ती चालवत राहिली, तो सांगत राहिला. १९९३च्या शरदात ऑर्विल झोपेतच गेला. गाडी एका सुताराने घेतली आणि टेक्ससला नेली. डेल्मा नेब्रास्कातल्या घरी एकटी राहिली. ब्याऐंशीव्या वर्षी, एप्रिलात, घरची छोटी मोटार भाचीला देऊन दुसऱ्या सकाळी ती गाडी चालवण्याचा परवाना परत करायला कचेरीत गेली.

"आजी, अजून दोन वर्षं चालेल की हा," खिडकीतली मुलगी म्हणाली. "कुणी द्यायला लावला?"

"कुणी नाही. 'पाटी वाच' म्हणणारंही कुणी नाही आता."

"मग घरी कशा जाणार?"

"चालत," डेल्मा म्हणाली आणि कोटाची बटणं लावू लागली. बाहेर भुरभुर बर्फ पडत होता.