बोर्गहिल्डच्या कमरेची दोरी

मी दोरी बोलतेय. बैल बांधायची नव्हे, गवताचा भारा ओढायची तर मुळीच नव्हे. मी लेकरू बांधायची दोरी. हसू नका. कड्यावरच्या आमच्या येल्लाने वाडीच्या अंगणात या आणि दाराकडून सरळ चाला, हसू आपोआप जिरेल. वीस पावलांवर अंगण संपतं आणि खाली, पार खाली, खाडीचं काळं पाणी असतं.

मला वळलं मालेनेआजीने. घोडीच्या शेपटीचे केस, त्यात बकरीचे, तीन पेडी. वळून झाल्यावर तिने घरातल्या सगळ्यांना बजावलं, "लेकराची दोरी लेकराचीच. तिला दुसरं काम लावायचं नाही." या एका वाक्याचा मला फार ताठा होता. अजून आहे.

तिची नात बोर्गहिल्ड चार वर्षांची. माझं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं दाराजवळच्या खडकातल्या लोखंडी कडीला. मी पूर्ण ताणले तरी कड्याची कड वीतभर लांब राही. पोरीने त्यातच एक खेळ शोधला होता. भिंतीपासून धावत सुटायचं, मी ताणले की सगळं अंग पुढे झोकून द्यायचं आणि हात पसरून पाण्यावर वाकून राहायचं. "मी उडते," म्हणायची. ती पडत नसे, कारण मी होते. तिला हे ठाऊकही नव्हतं. लेकरांना ठाऊक नसतंच.

त्या शनिवारी गवत वाळलं होतं आणि खाडीपलीकडे ढग भरून आले. बोर्गहिल्डचा बाप एलिंग, म्हणजे मालेनेआजीचा मुलगा, घाईत होता. भारे बांधायला एक दोर कमी पडला. पोर झोपली होती. त्याने मला कडीतून सोडलं, भाऱ्याला आवळलं आणि खडकावरून गोठ्याकडे खाली सोडलं. खडकाला धार होती. एक पेड तुटली. दुसरी अर्धी कापली गेली.

एलिंगने ते पाहिलं. तोंड पांढरंफटक पडलं त्याचं. आईला सांगावं, तर तिचा शब्द मोडलेला. त्याने डांबराचा डबा आणला आणि माझी जखम काळी करून टाकली.

"डांबर कशाला?" त्याची बायको राग्ना म्हणाली.

"पाऊस येतोय. सडायला नको."

"आज बरी आठवण झाली दोरीची."

"तुझ्या सासूने वळलीय. जपायला नको?"

नवी दोरी तो सोमवारी वळणार होता. मध्ये रविवार. आमच्याकडे रविवारी कामाला हात लावत नाहीत. सुई नाही, कोयता नाही, दोरी वळणं तर नाहीच. लेकरू बांधणं मात्र काम धरत नाहीत.

म्हणून रविवारी सकाळी राग्नाने मला पोरीच्या कमरेला बांधलं. माझा थरकाप झाला. तुम्ही म्हणाल, दोरीला कसली भीती? ज्याच्या अंगावर दुसऱ्याचा जीव टांगलेला असतो आणि ज्याला तोंड नसतं, त्याला विचारा.

वारा होता, चर्चला बोट गेली नाही. एलिंग घरातच मोठ्या पुस्तकातून प्रवचन वाचत होता. दार उघडं होतं. पोर भिंतीपासून धावली, मी ताणले. अर्धी पेड गेली. आवाज किती? वाळकी काडी मोडावी एवढा.

आत एलिंग थांबला.

"वाच पुढे," मालेनेआजी म्हणाली.

तो वाचू लागला.

"ही ओळ झाली की मघाशी," राग्ना म्हणाली.

"झाली का?"

"झाली. तुझं लक्ष कुठंय?"

बाहेर बोर्गहिल्ड पुन्हा भिंतीकडे चालली होती. या वेळी ती भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत मागे गेली, जोर यावा म्हणून. एकच पेड, आणि चार वर्षांचं दणकट पोर. धर, धर, धर, मी स्वतःला सांगत होते. पोर धावत सुटली.

पुस्तक जमिनीवर आपटल्याचं मी ऐकलं. एलिंगने तिला धावतानाच बखोटीला धरलं. ती रडली, खेळ मोडला म्हणून.

मालेनेआजी बाहेर आली. मला हातात घेऊन तिने नखाने डांबर खरवडलं.

"गवत?"

"हो."

"कधी?"

"काल. उद्या नवी वळणार होतो, आई."

ती आत गेली, केसांची पिशवी घेऊन आली आणि भर रविवारी उंबऱ्यावर बसून दोरी वळायला लागली.

"सासूबाई," राग्ना हळूच म्हणाली, "वारा पडलाय, खालून बोट जातेय. लोक बघतील."

"बघू देत. एलिंगच्या आधी मला एक मुलगा होता. त्याची दोरी झिजली होती, आणि मी सोमवारची वाट पाहिली."

एलिंग खाली बसला. थोड्या वेळाने त्याने पिशवीतून केस काढले आणि विंचरून आईच्या हातात देऊ लागला.

आता येल्लानेत कुणी राहत नाही. मी, एका पेडीवर उरलेली, त्या रविवारपासून खिळ्याला आहे. बोर्गहिल्ड शहाऐंशी वर्षांची, दर उन्हाळ्यात बोटीने येते. परवा तिची नात सुन्निवा आपल्या लेकीला घेऊन आली होती.

"आजी, तुला कुत्र्यासारखं बांधायचे?"

"कुत्र्याला मोकळं सोडायचे. त्याला अक्कल असते."

सुन्निवा हसली. मग मला खिळ्यावरून काढून म्हणाली, "हिच्या कमरेला बांधू? अंगणात एक फोटो."

"ठेव ती जागेवर," बोर्गहिल्ड म्हणाली. असा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता. तिने पणतीचं मनगट पकडलं आणि बोटीत बसेपर्यंत सोडलं नाही.

तुम्हीही याल. मला हात लावा, फोटो काढा, लेकरं बांधणारी रानटी माणसं म्हणून नावं ठेवा, माझी ना नाही. पण माझ्या टोकाला कुणाला बांधू नका. मी धरीन, असं मला आजही वाटतं. त्याचीच मला भीती वाटते.