केशरबाईचं वावर

वऱ्हाडात वावर विकलं जातं, त्याचं नाव मात्र विकलं जात नाही. खुशालरावांच्या वडिलांनी तेल्हाऱ्याजवळचं ते शेत केशरबाईकडून घेतलं, त्याला आता एक पिढी उलटली. केशरबाई कधीच देवाघरी गेली. खुशालरावांनी तिथं विहीर खोदली, बांध घातले, तरी गावाच्या तोंडी ते 'केशरबाईचं वावर'च राहिलं. कापूस वेचायला येणाऱ्या बायाही त्यांच्यासमोर बिनदिक्कत तसंच म्हणत. नाकावर माशी बसू न देणाऱ्या माणसाला हे फार झोंबायचं.

त्यात यास्मीनची भर पडली. तेल्हाऱ्यात फवारणीपंप दुरुस्त करणाऱ्या गयासुद्दीनची ही मुलगी, कॉलेजात शिकणारी. मोबाइलवर एक मोफत नकाशा असतो, त्यात कुणीही भर घालू शकतं. वावराला ना घर नंबर ना गल्ली, ॲम्ब्युलन्सवाल्यानं शोधायचं कसं, म्हणून ती गावोगावची वावरं त्यात भरत होती. वेचणाऱ्या बायांनी सांगितलं तेच नाव तिनं टाकलं. नकाशावर केशरबाई झळकली तशी खुशालरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सातबारा घेऊन ते गयासुद्दीनच्या दुकानात आले आणि नाव बदलल्याशिवाय हलणार नाही म्हणून बसून राहिले. यास्मीननं वाद घातला नाही. फोनवर बोटं चालवली आणि त्यांना दाखवलं: 'खुशालराव यांचं वावर'. पुढे त्यांनी तो नकाशा ज्याला दाखवला नाही, असा माणूस गावात उरला नाही.

त्या वर्षी बोंडअळीनं उच्छाद मांडला होता. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, आणि जो तो तोंडाला फडकं बांधून औषध मारत होता. एका दुपारी खुशालरावांचा मुलगा शिवम पाठीवरच्या पंपासकट कपाशीतच कोसळला. तोंडाला फेस, घामानं न्हालेला, हाक मारली तर ओ नाही. खुशालरावांनी त्याला ओढत बांधावर आणलं, औषधानं भिजलेले कपडे उतरवले आणि रेंजसाठी विहिरीच्या कठड्यावर चढून ॲम्ब्युलन्सला फोन लावला. गावाचं नाव सांगितलं, वावर सांगितलं आणि बॅटरी संपली.

खाली उतरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, आपण काय बोललो ते. केशरबाईच्या वावरात या, असं सांगितलं होतं.

नकाशात केशरबाई होतीच कुठे? आपणच भांडून तिला काढायला लावलं होतं. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर नवा, चांदूर रेल्वेकडचा. नाल्यापाशी दोन पांदणरस्ते फुटतात, चुकीचा धरला तर गाडी भलतीकडेच जाणार. विचारावं तर गावात कुणी नाही, सगळे वावरात. शिवमला एकटं टाकून रस्त्यावर जाऊन उभं राहायची त्यांची हिंमत होईना. त्याला कुशीवर वळवून, डोकं मांडीवर घेऊन ते बसले. ज्या बाईचं नाव त्यांना ऐकवत नव्हतं, तिचीच त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली.

मग धूळ दिसली. गाडी नाल्यावरून बरोबर वळली आणि थेट बांधाला येऊन लागली. खुशालरावांचा जीव भांड्यात पडला, पण ते रडायलाच लागले. रस्ता कसा सापडला, त्यांनी विचारलं. शिवमला उचलता उचलता ड्रायव्हर म्हणाला, केशरबाई टाकलं तर नकाशानं हेच वावर दाखवलं.

अकोल्याच्या दवाखान्यातून शिवम आपल्या पायांनी घरी आला. दुसऱ्या दिवशी खुशालराव दुकानात हजर. त्यांना पाहून यास्मीन चपापली.

"काका, नाराज नोका होऊ. वर तुमचंच नाव हाये. केशरबाईचं मी जुनं नाव म्हणून खाली ठेवलं. लोकं जे बोलतात, तेच शोधतात."

खुशालराव स्टुलावर टेकले. "वर तिचंच टाक, बेटा. जीवावर बेतलं तवा माह्या तोंडातून बी तेच निंगालं. माह्यं खाली राहू दे."

गयासुद्दीननं हातातला पंप बाजूला ठेवला. "अन् सातबारा?" त्यानं हळूच चिमटा काढला.

"सातबारा पाहून गाडी आली नाही ना, भाई," खुशालराव म्हणाले.