टोपीला हात

टोपी. उजवा हात, दोन बोटं.

ताशी दोनशे अठरा किलोमीटर.

माझ्या वहीत बारा रेघा, नवांवर फुल्या.

"चषक पुसायचं फडकं कोणी नेलं?" बाहेर कोणीतरी ओरडलं.

आता सरळ सांगतो. मी या टेनिस स्पर्धेचा मुख्य पंच. अंतिम सामन्याच्या सकाळी प्रतिस्पर्ध्याचा कोच माझ्या कानाशी लागला. म्हणाला, समोरच्या खेळाडूची, म्हणजे लांब्याची, सर्व्हिस कुठे पडणार हे कोणालाच कळत नाही, कारण ते ठरवते त्याची बहीण. गॅलरीतून, खुणेने. आमच्याकडे बाहेरून खूण म्हणजे खेळाडू बाद.

म्हणून मी सामना पाहिलाच नाही. त्याच्या ताईला पाहिलं. तिने टोपीला हात लावला की सर्व्हिस बाहेरच्या रेघेवर. बारांपैकी नऊ वेळा.

लांब्या जिंकला. मी बक्षीस समारंभ अडवून भाऊबहिणीला माझ्या खोलीत बसवलं. निकालाच्या कागदावर माझी सही व्हायची होती.

"खुणेवर खेळत असतो तर परवा चौदा डबल फॉल्ट केले असते का, सर?" लांब्या म्हणाला.

"वेड पांघरू नकोस."

ताई भडकली. "याला मीठ आण म्हटलं तर साखर आणतो. हा माझं ऐकणार?"

"मग टोपीला सारखा हात कशाला?"

"भीतीने घाम फुटतो मला!"

"आणि सर्व्हिस कुठे मारायची, ते कोण ठरवतं?"

लांब्या बुटांकडे बघायला लागला. "चेंडू. सर्व्हिसआधी शेवटचा टप्पा देऊन पकडला आणि छापलेली अक्षरं वर आली, तर बाहेर. नाहीतर समोरच्याच्या अंगावर. मी डोकं चालवलं की माती होते. कोचलाही सांगितलेलं नाही. लोकांना वाटतं, मला डोकं आहे."

"नाहीये," ताई म्हणाली.

इतकं हास्यास्पद कोणी रचून सांगेल? सांगेलही. ताईचं ते 'नाहीये' जरा जास्तच पटकन आलं होतं.

मी सामन्याचं चित्रीकरण लावलं. फक्त तीनदा मुठीतला चेंडू नीट दिसला. तिन्ही वेळा अक्षरं आणि दिशा जुळली. इतर वेळी बोटं आड येत होती. मुद्दाम?

माझ्या नऊ फुल्या एकीकडे, हे तीन चेंडू दुसरीकडे. टोपीवरून कोणाचा चषक काढून घ्यायला माझा हात धजेना. सही केली.

लांब्याने चषक उचलला, तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते. मी ताईच्या हातांकडे.

नंतर कळलं: याच स्पर्धेच्या पहिल्या फेरीत लांब्याने एकवीस बिनतोड सर्व्हिस मारल्या, तेव्हा ताई तापाने घरी झोपून होती.