कुहीचं विरजण

माझ्या तोंडाले लगाम नाही, हे आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत सगळ्यायले ठाऊक आहे. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझ्या पोरीले, ताराले, हगवण लागली. डॉक्टर म्हणे पाण्यानं झालं असन. मी मात्र सासूच्या दह्यावर घसरली.

सासूले, देवकीबाईले, मी आत्याबाई म्हणायची. तिनं लग्नात माहेराहून, कुहीहून, विरजण आणलं होतं. चाळीस वर्षं रोज त्याचंच दही. मडकं फुटलं तर नवं यायचं, विरजण तेच. गल्लीतल्या घराघरात तिनंच वाटीवाटीनं दिलेलं.

"किडे पडले त्यात," मी नळावर चार बायांसमोर बोलून बसली.

आत्याबाई भांडली नाही. माझा भाऊ मार्तंड कॉलेजच्या प्रयोगशाळेत दूध-दह्यातले जंतू तपासायचा. त्याच्या हाती तिनं बाटलीभर दही दिलं. "तपासून सांग गा. माझ्या हातानं नातीले काही झालं काय, एवढंच सांग."

तारा चार दिवसांत बरी झाली, पण दह्याले कोणी हात लावेना. विरजण मरू नये म्हणून आत्याबाई एकटीपुरतं लावत राहिली. रोज विचारायची, "मार्तंडचा निरोप आला काय वं?" मी चिडायची. आला की सांगीन ना, म्हणायची.

निरोप यायच्या आधीच ती गेली. दहाव्याले रिवाजाप्रमाणं घरातली सारी मडकी बाहेर काढली. दह्याचं मडकं मीच फोडलं.

तेराव्याले मार्तंड आला. "ताई, त्यात रोगाचा एकही जंतू नाही. उलट पोटाले चांगले आहेत. पोटात असते तशा आंबटात ठेवले, पित्तात ठेवले, तरी जगले. पण ते जंतू ठेवलेल्या आमच्या काचेच्या नळ्या उन्हानं खराब झाल्या. अजून एक वाटी दे."

मी वाटी घेऊन गल्लीत निघाली. पहिलं दार प्रेमिलाबाईचं.

"ते तं तवाच फेकलं वं," ती म्हणाली. "तूच सांगतलं ना, किडे आहेत म्हणून."

सात घरं फिरली. कोणाकडेच नव्हतं. रिकामी वाटी आणून मार्तंडसमोर ठेवली.

दुसऱ्या दिवशी नळावर मी सगळ्यायले सांगितलं, दही चांगलं होतं, माझंच चुकलं. बायांनी ऐकलं आन् आपापल्या पाण्याच्या गुंड्या भरल्या. माझा जीव अजून जळते. जिले ऐकायचं होतं, तिले सांगायचं राहूनच गेलं.