खेकड्याने मागे ठेवलेला अंगरखा

मी एक जुने, रिकामे कवच आहे. मित्रांनो, माझ्या आत कधी काळी एक खेकडा राहत होता.

पेढी नदीच्या चिखलात मी त्याच्या अंगावर आले. आधी मऊ, मग दगडासारखे कठीण. बगळ्याच्या चोची मी झेलल्या. माझ्यात एकच उणीव होती : तो वाढे, मी वाढत नसे.

एकोणीसशे एकसष्ट साली शाळेचे शिपाई डोमाजी यांनी आम्हांला अमरावतीस आणले. काचेच्या पेटीत पाणी आणि आडोशाला एक कवेलू, म्हणजे छपराचे कौल. प्रमोदिनीबाई सांगाड्यांवर धडा घेणार होत्या. त्यांची नेमणूक वर्षापुरती होती. तो तास पाहूनच हेडमास्तर ती पुढे चालवायची की नाही, हे ठरवणार होते.

नेमका तेव्हाच खेकडा खाईनासा झाला. आणि धड्याच्या सकाळी पेटीत मी निश्चल पडलेले दिसले. बाईंचा चेहरा उतरला.

"बाई, म्याच मारलं त्याले," डोमाजी म्हणाले. "काल पान्यात चिमूटभर मीठ टाकलं."

"मीठ? कशाला?"

"तुमच्या तक्त्यावर समुद्रातला खेकडा हाये ना! मले वाटलं, याले तिथलं पानी आठवत असन."

"अहो, हा पेढीचा! यानं समुद्र पाहिलाय कुठं?"

पुरण्यासाठी डोमाजींनी मला उचलले आणि ते चपापले. "हे तं फुलावानी हलकं लागते, बाई!"

बाईंनी मला उलटसुलट केले. पाठीमागे फट होती. पाय, नांग्या, सारे पोकळ. त्यांनी घाईने कवेलू उचलले. खाली तो बसला होता : मऊ, फिकट आणि माझ्याहून मोठा.

"जित्ता हाये लेकाचा!" डोमाजी मटकन खाली बसले. "अन् याच्यापायी म्या सकाळचा चहा नाई घेतला!"

बाई हसता हसता डोळे पुसू लागल्या.

त्या तासाला त्यांनी मला कबुतराच्या सांगाड्याशेजारी ठेवले. पाखराची हाडे आत असतात, देहाबरोबर वाढतात. खेकड्याचा, नाकतोड्याचा सांगाडा बाहेर असतो, म्हणून वाढायचे तर तो सोडावाच लागतो, असे त्यांनी सांगितले. उठताना हेडमास्तर एवढेच म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी हा धडा पावसाळ्यातच घ्या. खेकडे भरपूर मिळतील."

मित्रांनो, मला टाकून दिले याचे दुःख मी पुष्कळ दिवस बाळगले. आता नाही. मी सुटले नसते, तर तो माझ्यातच गुदमरला असता. एकच विनवणी आहे : जुने कवच गळून नवे अजून कठीण झालेले नाही, असा जीव दिसला, तर त्याला बोटाने डिवचू नका. त्याच्यावरचे कवेलू हळूच पुन्हा ठेवा.