विलायती इको

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला काही कळायचं नाही. करड्या पत्र्याची एक पेटी, पुढे फिरवायच्या काही मुठी, त्यातल्या एका मुठीची टोपी हरवलेली, आणि बाजूला पोचा आलेला. मी आहे जुनी इकोची पेटी. माझ्या पोटात एक फीत गोल गोल फिरते. कोणी माइकमध्ये गायलं की तो आवाज फितीवर उमटतो, आणि पुढे बसवलेली, फीत वाचणारी डोकी, म्हणजे 'हेड', तो एकामागून एक परत देतात, दर वेळी जरा दुरून, जरा घुमवून. एवढंच माझं काम. दिलं ते परत द्यायचं. स्वतःचं असं एक अक्षरही मला बोलता येत नाही, म्हणून तर मनात साठलेलं हे सगळं आज गोष्टीतून तुमच्यापाशी बोलते आहे.

माझा जन्म इंग्लंडमधला. कारखान्यातून निघाले तेव्हा मी चकचकीत होते आणि मला त्याचा गर्वही होता. मला विकत घेतलं रोलंड नावाच्या एका पोराने. पोरगाच म्हणायचा, मिशीसुद्धा धड फुटली नव्हती. लहानपणी तो चर्चमधल्या गायकमंडळीत गायचा, पुढे मासळीबाजारात पेट्या उचलायचा आणि उरलेल्या वेळात गाणी लिहायचा. गाणीही कसली, तर दिव्याच्या खांबाला पंख फुटतात, आत्याच्या कपाटातून समुद्र वाहतो! त्या काळी तिकडे सायकेडेलिक रॉक म्हणून एक संगीत निघालं होतं. भिंतींवर रंगीत दिवे वितळायचे, गाणी संपता संपायची नाहीत, आणि ऐकणाऱ्याला जागेपणी स्वप्न पडल्यासारखं व्हायचं. अशा गाण्यांना माझ्यावाचून चव नव्हती. रोलंडची पहिली तबकडी निघाली, रेडिओवर वाजली, आणि दोन वर्षांत पोरं त्याच्यासारखे केस वाढवून हिंडू लागली.

सुरुवातीला तो माझी मूठ जेमतेम उघडायचा. भाजीत मीठ घालावं तेवढी. पण कार्यक्रम वाढले. आज या गावी, उद्या त्या गावी. एकदा गाण्याआधी त्याने गरम पाणी मागितलं. मग गळ्याला रुमाल गुंडाळायला लागला. मग दिवसा कुजबुजत बोलायला लागला, आणि रंगमंचावर चढताना म्हणायचा, 'इको वाढवा.' फाटका आवाज मी घुमवून द्यायचे आणि लोक वेडे व्हायचे. रोलंडला समोरच्या भोंग्यातून माझाच आवाज ऐकू यायचा. त्याला वाटायचं, हा आपला. डॉक्टर म्हणाले, गप्प बस. ज्याने कार्यक्रम ठरवले होते तो म्हणाला, तारखा दिल्यात. तिसऱ्या तबकडीच्या वेळी भरल्या सभागृहात रोलंडने तोंड उघडलं आणि वारा बाहेर आला. नुसता वारा. मी तोही इमानाने चारदा परत दिला.

तो पुन्हा गायला नाही. बहिणीच्या घरी राहून कुठल्याशा रोपवाटिकेत कुंड्या भरायचा, असं सामान उचलणारी माणसं बोलताना मी ऐकलं. मला मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने घेतलं, त्याच्याकडून मी नागपूरला आले आणि नवी यंत्रं आल्यावर एका दुकानाच्या माळ्यावर पडले. माझ्या मनाला एकच समाधान होतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आता असं पुन्हा व्हायचं नाही.

खुळी मी!

माळ्यावरून मला खाली काढलं ताराचंदने. भंडारा जिल्ह्यातल्या एका नाटक मंडळाचा हा साउंडवाला. दिवाळी सरली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या या भागात, गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, आणि मंडई म्हणजे रात्रभर नाटक. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, मांडवात पाय ठेवायला जागा नसते. ताराचंदने माझी धूळ पुसली, जुन्या स्पूलची फीत शोधून आणून बसवली, आणि पहिल्यांदा माझ्यातून आवाज घुमला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. मंडळाचे मालक भय्याजी मात्र व्यवहारी. त्यांनी लगेच पोस्टरवर छापून टाकलं, 'विलायती इको साउंडसह'. आणि त्याच्यावर मोठा फोटो दामिनीचा.

दामिनी लाखांदूरकडची. धान रोवताना बायांच्या रांगेत गाणारी पोर भय्याजींनी हेरली आणि दोन वर्षांत ती मंडळाचा कणा झाली. मित्रांनो, मी पुष्कळ गळे पाहिलेत, पण हा गळा वेगळाच होता. पहिल्या तालमीला ताराचंदने मला लावलंही नव्हतं. ती नुसती उभी राहून गायली आणि अंगणातल्या बाया हातातलं काम तसंच ठेवून ऐकत राहिल्या. मला त्या पोरीचा हेवा वाटला, आणि लळाही लागला.

मग मंडईचा हंगाम सुरू झाला. आज इथे, उद्या तिथे, झोप गाडीतच. प्रत्येक पदाला 'वन्स मोअर', आणि 'वन्स मोअर' नाकारणं म्हणजे गावाचा अपमान. एके संध्याकाळी मेकअपला बसताना दामिनी म्हणाली, "कोनी गरम पानी देता का जी?"

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हटलं, थंडीचे दिवस आहेत, घेते पोरगी गरम पाणी. आठ-पंधरा दिवसांनी तिने गळ्याला ओढणी गुंडाळली. मग ती खुणांनी बोलायला लागली. आणि एक दिवस ताराचंदच्या टेबलापाशी येऊन हसत म्हणाली, "काका, थोडा इको वाढवा न. मस्त वाटते."

नको गं, नको. मी ओरडले असते हो! पण माझ्या फितीवर कोणी काही घातल्याशिवाय माझ्यातून काही निघत नाही. ताराचंदने मूठ फिरवली. फाटायला लागलेला आवाज मी घुमवला, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि तिच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरच्या बॉक्समधून माझा आवाज ऐकून दामिनीचा चेहरा उजळला. तिला कळलंच नाही. कळणार तरी कसं? तिच्या कानाशी मी बसले होते.

तिची आई मंदाबाई तिला भंडाऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. गळ्यात गाठ धरली होती. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर बोलायचंही नाही. गायलीस तर आवाज जाईल, पुन्हा यायचा नाही. परत आल्यावर दामिनीने ते भय्याजींना कुजबुजत सांगितलं. भय्याजी वाईट माणूस नव्हते. तिला बेटा म्हणायचे, तिच्या ताटात आधी वाढायचे. पण सिहोऱ्याच्या मंडईची तारीख दिलेली होती, आणि गावाला शब्द दिलेला होता.

"सिहोरा झाला का आराम कर बेटा," ते म्हणाले. "अन् इको हाय ना! कायले घाबरतं?"

मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझी खूप स्तुती झाली. त्या वाक्याइतकी भयानक स्तुती माझी कोणी केली नाही.

सिहोऱ्याला दुपारी मांडव बांधणं चाललं होतं. ताराचंद वायरी जोडत होता, तेवढ्यात मंदाबाई आली. एसटीने आली होती, पायांवर धूळ होती. पोरीने तिचं ऐकलं नव्हतं, म्हणून ती माझ्यापाशी आली होती.

"ताराचंद भाऊ, एक गोष्ट आयकान का?" ती म्हणाली. "लोकायले आयकवाचं तं आयकवा हे मशीन. पन दामिनीच्या पुढच्या बॉक्समंदी नोका लावू. तिले तिचा खरा आवाज आयकू येऊ द्या. आयकला का ते आपलीच थांबन."

ताराचंदने हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाला, "बरं बाई. माह्यावर सोडा."

कधी नव्हे ती मला आशा वाटली. नाटक उभं राहिलं. तिसऱ्या अंकातलं दामिनीचं मोठं पद जवळ आलं, आणि ताराचंदने हात पुढे केला. तिच्या बॉक्सची मूठ त्याच्या बोटांत होती. फक्त डावीकडे वळवायची. तेवढ्यात भय्याजी मागे येऊन उभे राहिले.

"का करून राहिला गा?"

"काई नाई जी."

"इको कमी नोको करू. पब्लिक पाय किती हाय."

ताराचंदने त्यांच्याकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. मला त्याचा राग येत नाही. त्याला घर होतं, पोरं होती, आणि मालक पाठीशी उभे होते. पण हात मागे घेतला हे खरं.

दामिनी गायली. मी घुमवलं. वन्स मोअर आला, ती पुन्हा गायली. पुन्हा वन्स मोअर आला. माझ्या फितीवर काय उमटत होतं ते मलाच ठाऊक. सूर नव्हता, खरखर होती. लोकांना ती ऐकू येत नव्हती, तिलाही नाही. आणि मग वरचा सूर लावताना तिचं तोंड उघडंच राहिलं. माझ्यातून थोडा वेळ आधीचा सूर घुमत राहिला, विरत गेला, आणि मग काहीच आलं नाही. पब्लिकला वाटलं, ही अदा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मित्रांनो. खूप वेळ टाळ्या वाजवल्या.

नागपूरला ऑपरेशन झालं. बोलण्यापुरता आवाज आला, घोगरा. गाणं गेलं. भय्याजींनी रडत येऊन ऑपरेशनचा खर्च दिला आणि पुढच्या हंगामाला नवी मुलगी घेतली, हर्षा. आता मंडळाला नवा मिक्सर आहे, त्यात इकोचं बटणच आहे. माझी गरज उरली नाही. ताराचंदने मंडळ सोडलं. एक दिवस त्याने मला एसटीत मांडीवर घेतलं आणि लाखांदूरला मंदाबाईच्या दारात नेऊन ठेवलं. "तोडा नाहीतर जाळा, बाई," म्हणाला. मंदाबाईने मला तोडलं नाही. "तिचा का दोष बिचारीचा," म्हणाली, आणि धानाच्या ढोलीशेजारी ठेवून दिलं. ढोली म्हणजे धान साठवायची मोठी कणगी.

परवा शेजारची राखी मोबाइल घेऊन आली. त्यात सिहोऱ्याचं पद होतं, हजारो लोकांनी पाहिलेलं. खाली लोकांनी लिहिलं होतं, काय आवाज, काय आवाज! राखीने मोठ्या कौतुकाने ते लावलं. घरभर मीच घुमले.

मंदाबाईने सूप खाली ठेवलं. "बंद कर व. हा माह्या पोरीचा आवाज नोहे."

राखी दुसरं लावू गेली, मग तिसरं. सगळ्यांत मी होते. बिनइकोचं एकही पद कोणाच्याच मोबाइलमध्ये निघालं नाही. दामिनी भिंतीला टेकून ऐकत होती. ती त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माय, माहा आवाज कसा होता व? मले आठवत नाई."

मंदाबाईने सांगायला तोंड उघडलं, पण आवाज कसा होता हे शब्दांत कसं सांगायचं? तिने पुन्हा सूप हातात घेतलं. तो आवाज नुसता ऐकलेली मीही तिथे होते, पण त्या तालमीत मला लावलंच नव्हतं, आणि फितीवर न उमटलेलं मला परत देता येत नव्हतं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाची बहीण गात असेल, मैत्रीण गात असेल. टाळ्या वाजवायला पुष्कळ लोक असतात. तुम्ही एवढं करा, एकदा माइक बंद करून तिच्याजवळ बसा आणि ऐका. गळा खरखरत असेल तर तसं तोंडावर सांगा. ती रागावेल, दोन दिवस बोलणार नाही. रागावू द्या. मला सांगता येत नव्हतं. तुम्हाला येतं.